पाच सुरांचा बिगूल

आमची पोर शाळेच्या बँडमधला बिगूल घरी घेऊन आली, तेव्हा आजीनं आधी चिंच भिजत घातली. चिंच-मिठानं पितळ उजळतं हे आमच्या कन्नड तालुक्यातल्या पिशोरमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. अर्ध्या तासात बिगूल लखलखला. वाजला मात्र तसाच, घोगरा.

बिगुलाला ना बटणं, ना भोकं. नेहमीच्या बी फ्लॅट बिगुलाची नळी उलगडली तर पावणेपाच फुटांच्या आसपास भरेल. तेवढ्या नळीतून ओठांच्या ताणावर पाच सूर निघतात: सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि सगळ्यांत वरचा प. रे नाही, म नाही, म्हणून राष्ट्रगीत यावर वाजवता येत नाही. या गरिबीतच मला त्याचं सौंदर्य दिसतं. आळवायला, घोळवायला जागाच नाही. सूर लागला तर सरळ लागतो, नाहीतर फाटतो. खालच्या सा वरून प वर जाताना पोर फक्त ओठ आवळते, हात जागचा हलत नाही. भर मैदानात एवढं उघडं पडणारं दुसरं वाद्य शाळेच्या बँडमध्ये नाही. ढोलात चूक बुडून जाते.

म्हणूनच त्याची निगा आतून करायची. माउथपीसची वाटी खाली निमुळती होत जाते आणि सगळी फुंक त्या बारीक भोकातून जाते. थुंकी आणि खाल्लेल्याचे कण साचतात तेही तिथेच. आमच्या बिगुलात तिथे हिरवट थर होता. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ बारीक ब्रश; एवढ्यानं घोगरेपणा गेला. उकळतं पाणी नको, त्यानं वरचं लॅकर जातं. लॅकर असेल तर चिंचही नको. वाजवण्याआधी चूळ भरायची, वाजवून झाल्यावर बिगूल फिरवून आतलं पाणी काढायचं, मगच पिशवीत ठेवायचा. माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका. वाद्यदुरुस्तीवाल्याकडे तो ओढून काढायचं साधन असतं. पक्कडीनं पिळवटलेली नळी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

बिगूल वाजतो तो झेंडावंदनाला, आणि मराठवाड्यात ते वर्षातून चारदा. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट सगळ्या महाराष्ट्राचे. १७ सप्टेंबर आमचा, १९४८ साली निजामाची राजवट संपली तो. यातले दोन दिवस ऐन पावसाळ्यातले. दमट हवेत ओली नळी पिशवीत कोंडली की हिरवा थर परत धरतो, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात आठवड्यातून एकदा तरी माउथपीस धुवायला हवा.

येत्या १७ सप्टेंबरला मुलांच्या रांगांच्या अगदी मागे जाऊन उभे राहा. वरचा पंचम तिथपर्यंत न फाटता आला, तर बिगूल वाजवणाऱ्या पोराला जवळ बोलावून तसं जरूर सांगा.