पोस्टरमागचा हात

चित्रपटांची पोस्टरे फ्रेम करून दिवाणखान्यात लावण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. अहिल्यानगरसारख्या (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या गावीही नव्या घरांत 'शोले', 'दीवार', 'प्यासा' भिंतीवर दिसतात. काही प्रतींच्या कोपऱ्यात पेन्सिलीने '23/100' असा आकडा असतो, शेजारी एखादी सही असते, आणि घरमालक हौसेने सांगतो की ही लिमिटेड एडिशन आहे. या हौसेचे मला मनापासून कौतुक वाटते. पण ज्या कलेवर ती पोसली जाते त्या कलेची आपल्याकडची अवस्था पाहिली की काळजी वाटते. चित्रपटाचे क्रमांकित, कलात्मक पोस्टर ही स्वतंत्र कला म्हणून मराठी मुलखात अजून उभी राहिलेली नाही. तिला लागणारे चित्रकार, छपाईचे कसब, अक्षरांची जाण आणि चित्रपट हे सगळे आपल्यापाशी आहे. या सगळ्यांना एकत्र आणणारा प्रकाशक आणि डोळसपणे निवड करणारा संग्राहक यांची मात्र वाण आहे.

आधी या प्रकाराचे स्वरूप नीट पाहायला हवे. मूळ पोस्टर जाहिरातीसाठी छापले जाई. तीस बाय चाळीस इंचांचे ते कागद घड्या घालून गावोगावच्या थिएटरांकडे जात, खळ लावून भिंतीला चिकटत आणि पुढच्या शुक्रवारी त्यांच्यावर दुसरा चित्रपट चढे. यातून जे वाचले ते आज दुर्मीळ आहे, आणि ती दुर्मीळता योगायोगाची आहे. क्रमांकित प्रतीचे तसे नाही. शंभरच प्रती काढायच्या हे तिथे आधीच ठरवलेले असते. ठरवून आणलेल्या दुर्मीळतेला स्वतःचे मोल नसते. ते दोन गोष्टींतून मिळवावे लागते. चित्रकाराने त्या चित्रपटाचा नवा अर्थ लावलेला असावा आणि छपाई ही स्वतःच एक कारागिरी असावी.

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या 'मॉन्डो'ने या दोन्ही अटी पाळल्या, म्हणून तिचे नाव झाले. अलामो ड्राफ्टहाउस या चित्रपटगृहाच्या आधाराने वाढलेल्या या संस्थेने ऑली मॉस, टायलर स्टाउट, मार्टिन अॅन्सिन अशा चित्रकारांना जुन्यानव्या चित्रपटांवर स्वतःच्या शैलीत काम करू दिले आणि ती चित्रे स्क्रीन प्रिंटिंगने, एकेक रंग वेगळा चढवून छापली. ऑस्करवाल्या अकादमीच्या ग्रंथालयानेही 2011 पासून ही पोस्टरे जतन करायला घेतली. पुढे 2022 मध्ये फंको या खेळण्यांच्या कंपनीने मॉन्डो विकत घेतली आणि 2023 च्या कर्मचारीकपातीत पोस्टरांचे दालन उभे करणारी मंडळीच बाहेर पडली. नाव मोठे झाले तरी या कलेचा जीव ती निवडणाऱ्या आणि घडवणाऱ्या माणसांत असतो, हे यातून दिसले.

पैशांचे बळ असल्याखेरीज हे होत नाही, असे कोणी म्हणेल. त्याने क्युबाकडे पाहावे. क्रांतीनंतर 1959 मध्ये तिथे सरकारी चित्रपटसंस्था स्थापन झाली आणि तिने एदुआर्दो मुन्योस बाक्स यांच्यासारख्या चित्रकारांकडून पोस्टरे करून घेतली. साधनांची टंचाई होती, म्हणून हाताने स्टेन्सिल कापून रेशमी जाळीतून छपाई केली. आकारही एकच, 51 बाय 76 सेंटिमीटर. त्या टंचाईतून सपाट रंगांची, मोजक्या रेषांची जी शैली घडली, ती आज जगभरचे संग्राहक शोधत असतात.

आपली परंपरा याहून जुनी आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवत. कॅमेरा त्यांनी स्वतः बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि 'सैरंध्री'मुळे (1920) टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटले. लोकांना थिएटरकडे खेचायचे तर चित्र हवे, हे त्यांनी फार लवकर ओळखले. भारतात आज टिकून असलेल्या चित्रपट-पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते ते त्यांच्या 'कल्याण खजिना'चे (1924). त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे 'प्रभात' चित्रसंस्थेचे भागीदार झाले, आणि प्रभातच्या जाहिरातींतही चित्रकाराची नजर राहिली. गुलबर्ग्याहून मुंबईत आलेले एस. एम. पंडित, 'फिल्मइंडिया' मासिकाची मुखपृष्ठे रंगवणारे रघुवीर मुळगावकर, 'मुगल-ए-आझम'च्या जाहिरातचित्रांवर काम केलेले कोल्हापूरचे जी. कांबळे, 'दीवार'मध्ये पॅलेट नाइफचे जाड, रागीट फटकारे मारणारे दिवाकर करकरे: पोस्टरकलेचा हिंदी सिनेमातला सुवर्णकाळ मोठ्या प्रमाणावर मराठी मुलखाशी नाते असलेल्या हातांनी घडवला.

या हातांचे पुढे काय झाले, हे या कलेच्या अवस्थेचे मर्म आहे. चित्र छापखान्यात जाई, ब्लॉक किंवा प्लेट झाली की मूळ कॅनव्हास अडगळीत पडे. नाव क्वचितच छापले जाई. जी. कांबळे यांनी रंगवलेले शिवाजी महाराजांचे चित्र राज्य शासनाने अधिकृत मानले आणि ते कचेऱ्याकचेऱ्यांत लागले. ते रोज पाहणाऱ्या किती जणांना चित्रकाराचे नाव ठाऊक असेल? अशी विस्मृती पोस्टरवाल्या प्रत्येकाच्या वाट्याला आली. कायदाही त्यांच्या फारसा कामी आला नाही. स्वामित्वहक्क कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला स्वामी ते काढून घेणारा असतो. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला त्यात वाटा देणारे कलम 53अ याच कायद्यात आहे. पण तो वाटा चित्रकार स्वतः पहिला स्वामी असेल तरच मिळतो. म्हणजे ज्यांच्या पोस्टरांना आज लिलावात भाव येतो, त्यांतल्या बहुतेकांना किंवा त्यांच्या घरच्यांना या वाट्यातला रुपयाही मिळण्याची सोय नाही. त्यांच्या हाती राहते ते कलम 57: हक्क विकले तरी 'हे माझे काम आहे' असे सांगण्याचा अधिकार. हा अधिकार पाळायला प्रकाशकाला काहीच खर्च येत नाही, तरी आजच्या पुनर्मुद्रणांवर चित्रकाराचे नाव शोधावे लागते.

या पार्श्वभूमीवर आजचा बाजार पाहू. क्रमांकित प्रत म्हणून जे विकले जाते त्यात ढोबळ मानाने तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार जुन्या पोस्टरच्या स्कॅनचा. इंटरनेटवरून उचललेली प्रतिमा मोठी करून कॅनव्हासवर छापायची आणि खाली आकडा टाकायचा. यात चित्रकाराची परवानगी नाही, नाव नाही, नवी दृष्टीही नाही. कलाकृती म्हणून याला मी शून्य गुण देईन. दुसरा प्रकार मोजक्या आकारांच्या पोस्टरांचा: सपाट रंगावर एक चष्मा, एक टोपी किंवा एक मोटारसायकल, आणि खाली गाजलेला संवाद. हा प्रकार सुरुवातीला ताजा होता. आता त्याचा साचा झाला आहे, कारण त्यात चित्रपटाचा अर्थ न लावता त्याची नुसती खूण पटवून दिली जाते. तिसरा प्रकार खरा, आणि म्हणून थोडा. मुंबईतल्या 'कल्चर शॉप'ने भारतीय आरेखनकारांच्या क्रमांकित प्रतींना बाजार मिळवून दिला. रणजित दहिया यांनी 2012 पासून वांद्र्याच्या भिंतींवर अनारकली, अमिताभ, दादासाहेब फाळके रंगवून हाताने काढलेल्या सिनेमाचित्राची भूक अजून जिवंत असल्याचे दाखवले. पण या तिसऱ्या प्रकारातही मराठी चित्रपटांवरची प्रत शोधू लागले की हात रिकामा राहतो.

मराठी पोस्टराला एक जादा बळ लाभले होते, ते अक्षरांचे. कमल शेडगे (1935–2020) यांनी नाटकांची आणि चित्रपटांची शीर्षके अशी काढली की वाचण्याआधीच विषय कळावा. देवनागरीची शिरोरेषा, काना, वेलांटी हे सगळे चित्राचे भाग होऊ शकतात, हे त्यांच्या कामात पानोपानी दिसते. आजच्या बहुतांश मराठी पोस्टरांवर, आणि चाहत्यांसाठी काढलेल्या प्रतींवरही, तयार फॉन्ट चिकटवलेला असतो. काही संग्रहप्रतींवर तर मराठी चित्रपटाचे नावही रोमन लिपीत असते. चित्र कितीही चांगले असले तरी अशी प्रत मला अर्धीच वाटते. शीर्षक हाताने घडवले नसेल तर पोस्टर अपुरे राहते, ही कसोटी मराठी संग्राहकाने आग्रहाने लावायला हवी.

आता नगर जिल्ह्याकडे वळू. संग्राहकांच्या नकाशावर नगरचे नाव नाही, पण विषयांची इथे समृद्धी आहे. बोलपटांचे आरंभीचे नायक शाहू मोडक यांचा जन्म 1918 मध्ये अहमदनगरला, ख्रिस्ती कुटुंबात झाला. 'श्यामसुंदर'मध्ये (1932) ते कृष्ण झाले, 'माणूस'मध्ये (1939) पोलीस शिपाई गणपत झाले, आणि 1940 मध्ये प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वर झाले. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते याच जिल्ह्यात. नगरच्या ख्रिस्ती घरातल्या मुलाने नेवाशाच्या ज्ञानेश्वरांना पडद्यावर चेहरा दिला, हा महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातला केवढा देखणा योग आहे! त्यावर आज कोणी एखादे चित्र काढले, नेवाशाचा पैस खांब आणि मोडकांचा तरुण चेहरा एकाच चौकटीत आणला, तर त्या प्रतीत जो अर्थ येईल तो 'शोले'च्या शंभराव्या नकलेत यायचा नाही. आपल्या कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षे टिकतो. 1940 च्या चित्रपटाची ती मुदत कधीच उलटली आहे. बाबूराव पेंटरांचे निधन 1954 मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरच्या हक्काची, चित्रकाराच्या निधनापासून मोजली जाणारी, मुदतही 2014 अखेर संपली. म्हणजे मराठी पोस्टरकलेचा पहिला अध्याय उत्तम कागदावर, नावानिशी, अभ्यासू टिपणासह पुन्हा छापायला आज फारशी आडकाठी नाही.

नव्या चित्रपटांचीही कमतरता नाही. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन शिकले. त्यांच्या 'पिस्तुल्या'ला आणि पुढे 'फँड्री'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. याच जिल्ह्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा'ला 62 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. मेंढपाळ कुटुंबाची फरफट सांगणारा हा चित्रपट दोन रंगांत छापता येईल इतका दृश्यमय आहे: घोंगडीचा काळा आणि वाळल्या कुसळांचा पिवळा. 'फँड्री'च्या अखेरीस जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट प्रेक्षकावर येतो. या एका प्रतिमेवर दहा चित्रकारांनी दहा वेगळी पोस्टरे करावीत, इतका तिच्यात ऐवज आहे.

छपाईसाठी तर मुंबई गाठायचीही गरज नाही. मॉन्डोची पोस्टरे ज्या तंत्राने निघत, त्याच तंत्राने नगर, संगमनेर, श्रीरामपूरकडचे स्क्रीन प्रिंटिंगवाले वर्षानुवर्षे लग्नपत्रिका छापत आले आहेत. फ्रेमवर ताणलेली नायलॉनची जाळी, तिच्यावर प्रकाशाने उमटवलेले चित्र, स्क्वीजीने ओढलेली शाई, रंग वाळला की दुसऱ्या रंगासाठी नेमकी जुळणी. सोनेरी शाई जाड कार्डावर न पसरता बसवण्याचे कसब त्यांच्या हातात आहे. डिजिटल पत्रिका आणि फ्लेक्स आल्यापासून या कारागिरांचे काम घटत चालले आहे. चित्रकार आणि हे कारागीर एका टेबलावर आले, तर चार रंगांचे, हाताने ओढलेले पोस्टर जिल्ह्यातच तयार होईल. मग प्रतीच्या पाठीवर चित्रकाराबरोबर छापणाऱ्याचेही नाव असावे. इतर देशांतल्या चांगल्या छापशाळा तसे करतात, आणि ते न्याय्य आहे.

संग्राहकाने काय पाहून प्रत घ्यावी? आधी चित्रकाराचे नाव आणि त्याची परवानगी विचारावी. नंतर छपाईचे तंत्र विचारावे. स्क्रीन प्रिंट असेल तर शाईचा थर बोटाला जाणवतो आणि रंगांच्या कडा भिंगाखाली सलग दिसतात, ठिपक्यांची जाळी दिसत नाही. कागद आम्लरहित आहे का, शाई रंगद्रव्याची आहे का, हेही पाहावे. तसे नसेल तर नगरच्या उन्हात ती प्रत लवकर फिकी पडेल. आवृत्ती पुन्हा काढली जाणार नाही, असे लेखी घ्यावे, कारण तेवढ्याविना '23/100' या आकड्याला काही अर्थ उरत नाही. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नये आणि मागे चिकटपट्टी लावू नये. जुने मूळ पोस्टर मिळाले तर त्याच्या घड्या आणि खळीचे डाग घालवण्याची घाई करू नये. ते त्याच्या प्रवासाचे पुरावे आहेत.

संस्थांचाही यात वाटा असला पाहिजे. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने 1964 पासून चित्रपटांबरोबर पोस्टरेही जमवली, पण जिल्ह्याच्या पातळीवर हे काम कोणी करत नाही. नगरच्या कलाशिक्षण देणाऱ्या संस्थांनी आणि संज्ञापन विभागांनी मिळून दरवर्षी एका मराठी चित्रपटाचे क्रमांकित पोस्टर काढावे. चित्र विद्यार्थ्याचे असावे, अक्षरे हाताची, छपाई स्थानिक कारागिराची, करार लेखी, आणि विक्रीतला वाटा चित्रकाराला ठरवून दिलेला. एक प्रत पुण्याच्या संग्रहालयात जावी, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहावी, उरलेल्या विकाव्यात. सुरुवात 'संत ज्ञानेश्वर' किंवा 'ख्वाडा'पासून करावी. अशी दहा वर्षे झाली तर मराठी सिनेमाची दहा अस्सल पोस्टरे आपल्यापाशी असतील आणि ती ज्यांनी घडवली त्यांची नावेही. बाबूराव पेंटरांच्या पिढीला जे श्रेय मिळाले नाही ते पुढच्या पिढीला मिळवून देणे संग्राहकाच्या हातात आहे: ज्या प्रतीवर चित्रकाराचे नाव नाही, ती विकत घेऊ नये.