जोडलेले हात आणि न उच्चारलेला शब्द

अभिवादन ही समाजव्यवहारातील सर्वांत लहान कृती. ती रोज घडते. म्हणूनच तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. आज ही कृती मोबाईलच्या पडद्यावर आली असून तेथे तिचे चित्र झाले आहे : दोन जोडलेले हात. वाढदिवस असो, मयत असो, सभेचे निमंत्रण असो की बदलीचा हुकूम, हे हात सर्वत्र हजर असतात. एखाद्या कवितेची ओळ जशी आपण वाचतो, तसे हे चित्र मी येथे वाचू इच्छितो. कारण चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो. त्याचा वापर करणारा समाज त्याला अर्थ देत असतो.

‘इमोजी’ हा शब्द जपानी आहे. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. जपानी मोबाईल कंपन्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस ही चित्राक्षरे घडवली आणि २०१० साली युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत जोडलेल्या हातांना जागतिक संकेतक्रमांक मिळाला. जपानमध्ये या हातांचा अर्थ विनंती, आभार किंवा क्षमायाचना असा होतो. ख्रिस्ती देशांत ती प्रार्थना होते. काही पाश्चात्त्यांना तर ती दोन माणसांनी एकमेकांना दिलेली टाळी वाटली. हा चुकीचा अर्थ मला फार बोलका वाटतो. त्या परक्या माणसाला या चित्रात दोन माणसांचे तळवे एकमेकांना भिडलेले दिसले. आपल्याला मात्र त्यात एकाच माणसाचे दोन हात दिसतात. समोरच्याला स्पर्श न करणारे!

आपल्याकडे हे चित्र ‘नमस्कार’ म्हणून वाचले जाते. नमस्कार म्हणजे निव्वळ सौजन्य, असे समजणाऱ्यांनी त्याचा इतिहास तपासावा. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जिचे दहन झाले, त्या मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अभिवादनाचे नियम आहेत. ब्राह्मणाला ‘कुशल’ विचारावे, क्षत्रियाला ‘अनामय’, वैश्याला ‘क्षेम’ आणि शूद्राला ‘आरोग्य’. म्हणजे ‘कसा आहेस?’ हा साधा प्रश्नसुद्धा चार उतरंडींत वाटलेला! त्याच अध्यायात असेही म्हटले आहे, की ज्या ब्राह्मणाला अभिवादनाचे उत्तर देता येत नाही, तो शूद्रासारखाच समजावा. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी पेशवाईतील सोनारांची हकिकत दिली आहे. सोनार मंडळी निऱ्या घालून धोतर नेसू लागली आणि अभिवादन म्हणून ‘नमस्कार’ म्हणू लागली. या दोन्ही गोष्टी ब्राह्मणांची खास मिरास होत्या. पेशव्यांच्या सत्तेच्या बळावर हा प्रयत्न मोडून काढण्यात आला; एवढेच नव्हे, तर मुंबईत राहणाऱ्या सोनारांविरुद्ध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाऱ्यांकडूनही मनाईहुकूम मिळवण्यात आला. जेथे सोनाराने नमस्कार म्हणणे हा गुन्हा होता, तेथे अस्पृश्याची कथा काय सांगावी?

अस्पृश्याच्या वाट्याला आला तो ‘जोहार’. महाराने वाकून, अंतर राखून जोहार घालायचा. पण पाटील-देशमुखाने त्याला जोहारानेच उत्तर द्यायचे नाही. हे एकतर्फी अभिवादन होते. ‘जय भीम’ने ही एकतर्फी वाट बंद केली. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिले जाते. त्यातली क्रांती केवळ नावात नाही, उत्तरात आहे. ‘जय भीम’ला उत्तर एकच, ‘जय भीम’. तोच शब्द, त्याच उंचीवरून. येथे वर-खाली उरत नाही.

आता पडद्याकडे वळू. १४ एप्रिलचा दिवस. शिक्षकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकजण सकाळी ‘सर्वांना जय भीम’ असे लिहितो. गटातील अनेक सहकारी तत्परतेने जोडलेले हात पाठवतात. शब्द एकही नाही. याच गटावर ‘राम राम’ला ‘राम राम’ येते, ‘जय जिजाऊ’ला ‘जय जिजाऊ’ येते. तेथे बोटे अडत नाहीत. असे अनेक गट मी पाहिले आहेत आणि वाचकांनीही पाहिले असतील. हे हात शिवी देत नाहीत, अपमान करीत नाहीत. ते केवळ एक नाव उच्चारण्यापासून सुटका करून देतात. सौजन्य पाळले गेले आणि शब्दही विटाळला नाही! जुनी अस्पृश्यता पाण्याला होती. ही शब्दाला आहे.

कोणी म्हणेल, घाईत असलेला माणूस चित्र पाठवतो, त्यात एवढे काय शोधता? प्रत्येक बोटामागे द्वेष आहे, असे माझे म्हणणे नाही. परंतु घाईसुद्धा निवडक असते, तेव्हा ती घाई उरत नाही.

हात जोडण्यालाच माझा विरोध आहे, असेही कोणी समजू नये. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर आपण हात जोडतोच. त्रिशरण म्हणताना जोडलेले हात कोणाचे दास नसतात. ते माणसाने स्वतःच्या विवेकाने जोडलेले असतात. प्रश्न हातांचा नाही, नात्याचा आहे. शिष्यवृत्ती अडकलेला विद्यार्थी कारकुनाला ‘साहेब, एवढे काम करा’ असे लिहून पुढे तीन वेळा हे हात जोडतो, आणि साहेब ‘बघू’ म्हणतो. हक्काचे पैसे मागताना जोडलेले हे हात म्हणजे नव्या पडद्यावरचा जुना जोहार होय. आपल्या मुलांना आपण अर्ज लिहायला शिकवतो. त्यात हात जोडू नयेत, तारीख आणि नियम लिहावा, हेही शिकवले पाहिजे.

२०१५ साली युनिकोडने या हातांना त्वचेच्या पाच छटा दिल्या. वर्णभेदाविरुद्धच्या जाणिवेला तेवढी जागा मिळाली, हे चांगलेच झाले. पण जातीला छटा नसते. ती त्वचेत दिसत नाही. कोण कोणाला काय उत्तर देतो, यात दिसते. आपली तरुण मुले म्हणूनच ‘जय भीम’पुढे निळे हृदय लावतात. ते चिन्ह आपल्यासाठी कोणी घडवले नव्हते; ते आपण आपले केले. मात्र तेथेही सावध राहावे लागेल. शब्द गळून नुसते निळे हृदय उरले, तर तेही उद्या असेच मुके होईल.

चिन्हावर बंदी घालून काही साधत नाही. साधेल ते उच्चाराने. ‘जय भीम’ला कोणी नुसते हात जोडले, तर पुन्हा एकदा ‘जय भीम’ लिहावे आणि उत्तराची वाट पाहावी. अभिवादनाची समता शब्द परत येतो की नाही, यावरच मोजली जाईल.