पुंस्कोकिळ आणि पावशा : मराठी वसंताची पक्षीनोंद

मराठी साहित्यातला वसंत कोकिळेच्या आवाजाने सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. दुसऱ्या बाजूला, फाल्गुन-चैत्रात रविवारी पहाटे दुर्बिणी घेऊन शिवारात जाणाऱ्या पक्षीनिरीक्षकांची टिपणे असतात. त्यांत पन्नास-साठ जातींची यादी असते, पण वसंत शोधावा लागतो. हे दोन्ही लेखनप्रकार मी आवडीने वाचत आलो आहे, आणि अशा फेऱ्यांना जातही आलो आहे. दोन्हींत काय निसटते आणि ते निसटल्याने काय बिघडते, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी कोकिळेचे पाहू. चढत जाणारा तो ‘कुऊ’ नर काढतो. नर काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपकेदार, आणि तिचा आवाज ‘किक्-किक्’ असा तुटक. हे सांगून कवींना चूक ठरवणे सोपे आहे, आणि निरीक्षकांच्या लेखनात ते वारंवार होते. मला त्यामागचा इतिहास अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘कुमारसंभवा’तल्या वसंतवर्णनात कालिदास गाणाऱ्या पक्ष्याला ‘पुंस्कोकिल’ म्हणतो, म्हणजे नर हे तो स्पष्ट नोंदवतो. संस्कृतात या पक्ष्याचे दुसरे नाव ‘परभृत’, दुसऱ्याने पोसलेला. म्हणजे गाणारा नर आणि कावळ्याच्या घरट्यात वाढणारे पिल्लू या दोन्ही गोष्टी परंपरेला ठाऊक होत्या. मराठीत ‘कोकीळ’ हा पुल्लिंगी शब्द असूनही गाण्याचा मान ‘कोकिळे’कडे गेला आणि पुढे तो गायिकांच्या बिरुदांत पक्का झाला. हरवले ते निरीक्षण. अलंकार तेवढा उरला.

त्यासोबत एक नातेही हरवले. कोकिळेची वीण कावळ्याच्या विणीला बांधलेली असते. कावळे घरट्यासाठी काड्या गोळा करू लागतात, त्याच सुमारास आमराईतला आवाज वाढत जातो. शेतकरी त्याच कावळ्याचे घरटे झाडाच्या कोणत्या बाजूला, किती उंचीवर आहे हे पाहून पावसाचा अंदाज बांधतो. अंदाज खरा ठरो वा न ठरो, त्यात कावळा, झाड आणि पाऊस एकत्र पाहिले जातात. कवितेत कावळा कोकिळेचा रंग खुलवण्यापुरता येतो.

दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्याचा वसंत ऐकायचा तर माझ्या मते पावशाकडे वळले पाहिजे. उन्हाळा चढू लागला की हा पक्षी तेच सूर वर वर चढवत नेतो. हिंदीभाषकाला त्यात ‘पी कहाँ’ ऐकू येते, म्हणजे विरह. इंग्रजांना ‘ब्रेन फीवर’ ऐकू आला, म्हणजे परक्या उन्हाने आलेला मेंदूज्वर. मराठी शेतकऱ्याने ऐकले ‘पेरते व्हा’. पक्षी एक, आवाज एक. फरक ऐकणाऱ्यांच्या जगण्यातला आहे. मराठी कानाने त्यात पेरणीची घाई आणि पावसाची धास्ती ऐकली. बीबियाणे, उसनवारी, कोरडी विहीर हे सारे त्या दोन शब्दांमागे उभे आहे. लोकांनी केलेले हे एक प्रकारचे काव्यवाचनच आहे. आपल्या समीक्षेने त्याची दखल फारशी घेतलेली नाही.

आता निरीक्षकांच्या टिपणांकडे. उजनी जलाशयाच्या काठी, भिगवणच्या बाजूला, हिवाळा सरताना रोहित आणि पट्टकादंब पाहायला गर्दी होते. या फेऱ्यांची टिपणे तारीख, वेळ आणि संख्या नेमकी देतात. हे त्यांचे मोठे श्रेय आहे. पुढच्या अभ्यासकाला त्याचाच आधार मिळतो. पण त्यांची नजर दुर्मिळाकडे धावते. पळस, पांगारा, सावर फुलले की त्यांवर भोरड्यांचे थवे उतरतात. ज्वारी राखणाऱ्याला भोरडी गोफणीच्या अंतरावरून माहीत असते. पळसाशी असलेल्या नात्यामुळे तिला ‘पळसमैना’ही म्हणतात. एप्रिलपर्यंत ती मध्य आशियाकडे निघून जाते. टिपणात मात्र तिचे ‘रोझी स्टार्लिंग, सुमारे २००’ एवढेच होते. झाड, पीक, राखणदार आणि नाव, चारही गळतात.

मारुती चितमपल्लींचे महत्त्व इथे कळते. वनाधिकारी म्हणून रानात राहताना त्यांनी स्थानिक माणसांकडून नावे घेतली आणि ‘पक्षिकोशा’त त्यांना संस्कृत व शास्त्रीय नावांच्या पंक्तीला बसवले. ‘काकागार’, ‘सारंगागार’ असे शब्द रुजवून मराठीला पाहण्याची साधने दिली. त्यांच्या गद्यात कधी गूढतेचे धुके दाटते आणि निरीक्षण कुठे संपले, आख्यायिका कुठे सुरू झाली हे कळत नाही, ही मर्यादाही सांगितली पाहिजे. तरी नाव आणि नाते एकत्र ठेवण्याची त्यांची रीत पुढच्या टिपणकारांनी उचललेली फारशी दिसत नाही.

नावे गेली तर बिघडते काय? माळरानाचे उदाहरण पुरेसे आहे. चैत्रातला माळ पिवळा, उघडा, दिसायला रिकामा. त्याच उघड्या जमिनीवर माळटिटवी खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी घालते. चंडोल गवताच्या बुडाशी घरटे करतो. साहित्यात हा माळ ‘ओसाड’ आणि सरकारी वर्गवारीत अशा झुडपी जमिनी ‘पडीक’. हे दोन शब्द एकमेकांना बळ देतात. जमीन रिकामी आहे असे भाषेनेच ठरवले की तिथे खड्डे खणून झाडे लावणे हे पुण्यकर्म होते आणि भूखंड पाडणे हा विकास. १९७९मध्ये नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी ‘माळ म्हणजे गवताचे रान’ ही जाण आपल्या ललित गद्यात अजून रुजलेली नाही.

म्हणून वसंतातल्या फेरीच्या टिपणाकडून माझी अपेक्षा मोठी नाही. संख्या असावी, पण पक्षी कोणत्या झाडावर, कोणत्या पिकात दिसला तेही असावे. बांधावरच्या माणसाने त्याला कोणते नाव दिले तेही विचारून लिहावे. आणि कवीने कोकिळेला गाऊ द्यायचे तर खुशाल द्यावे. फक्त तिच्या शेजारी कावळ्याचे घरटे आणि पलीकडे पेरणीची वाट पाहणारे शेत आहे, एवढे त्या कवितेला माहीत असावे.