बेरीज आधी की वर्ग आधी? : मुंबईच्या श्रेणीपत्रिकेचे वाचन

निकालाच्या दिवशी परळ-लालबागच्या चाळीत विचारला जाणारा प्रश्न एका पिढीत बदलला. पूर्वी ‘किती टक्के पडले?’ असे विचारत. आता इंजिनीअरिंगच्या मुलांनी रूढ केलेला ‘पॉइंटर किती?’ हा प्रश्न बीए-बीकॉमच्या मुलांपर्यंत पोचला आहे. उत्तर येते, ‘सात पॉइंट एक पाच.’ शेजारचे काका मनातल्या मनात दहाने गुणतात, ‘म्हणजे एकाहत्तर टक्के, वा!’ म्हणतात आणि पेढा उचलतात. मुलगी गप्प राहते. काकांचे चुकले हे तिला ठाऊक असते, पण बरोबर काय ते तिलाही कोणी सांगितलेले नसते.

या लेखात मला ही श्रेणीपत्रिका एखाद्या संहितेसारखी वाचायची आहे. आपण कवितेतल्या एका विरामचिन्हावर दोन-दोन पाने लिहितो. मात्र ज्या कागदावर गिरणगावातल्या एखाद्या घराची पुढची दहा वर्षे ठरतात, तो कागद कोणी समीक्षकाच्या नजरेने वाचत नाही. तो वाचण्याजोगा नक्कीच आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. ‘गुण’ या शब्दात परीक्षेतला आकडा आणि माणसाचा सद्गुण एकत्र नांदतात. औषधालाही गुण येतो. ‘श्रेणी’ म्हणजे नुसती पायरी. क्रेडिटसाठी ‘श्रेयांक’ हा शब्द घडवला गेला, आणि तो मला जरा फसवा वाटतो. ‘श्रेय’ म्हटले की ते विद्यार्थ्याने मिळवले असे वाटते. प्रत्यक्षात श्रेयांक विषयाला असतात, विद्यार्थ्याला नव्हे. चार श्रेयांकांचा विषय आणि दोन श्रेयांकांचा विषय यांतला फरक म्हणजे अभ्यासक्रमाने त्या विषयाला दिलेले वजन. ‘संचयी’ हा शब्द मात्र नेमका आहे. आपल्याकडे संचिताची कल्पना जुनी आहे आणि तीही विसरू देत नाही.

आता इतिहास, थोडक्यात. मुंबई विद्यापीठ १८५७चे. त्याचे पहिले बीए १८६२ साली बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. तेव्हापासून दीडशे वर्षे या शहराने पदवीधर ओळखला तो वर्गावरून : पहिला, दुसरा, तिसरा. साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास, सत्तरला डिस्टिंक्शन ही भाषा गिरगावातल्या आज्यांनाही पाठ होती. नापास विषय घेऊन पुढच्या वर्गात बसणाऱ्याला ‘केटी लागली’ असे आपण अजून म्हणतो. ‘टर्म ठेवू देणे’ हा इंग्रजी अमदानीतला शब्दप्रयोग त्या दोन अक्षरांत टिकून आहे.

म्हणजे माणसांना पट्ट्यांत बसवणे नवे नाही. ‘वर्ग’ हीही पट्टीच. नवे आहे ते कधी बसवायचे, हे. जुन्या पद्धतीत सगळ्या पेपरांचे गुण आधी मिळवत, आणि त्या बेरजेला शेवटी एकदाच वर्ग देत. श्रेणी पद्धतीत प्रत्येक विषयाला आधी पट्टीत बसवतात, पट्टीचा आकडा घेतात, आणि मग बेरीज करतात. सारे काही या क्रमबदलात आहे. लालबागच्या मिरची गल्लीत मसाल्याचे सामान घेतले तर दुकानदार शेवटच्या रकमेवरची चिल्लर सोडतो. त्याने मिरची, धणे, हळद, दगडफूल अशा प्रत्येक जिनसाच्या वेळी रक्कम पूर्ण आकड्यात केली, तर शेवटचा हिशेब आपल्या बाजूने जाईल की त्याच्या, हे आधी सांगता येणार नाही.

उदाहरण घेऊ. विद्यापीठाने २०१६-१७पासून कला, वाणिज्य, विज्ञान शाखांना लावलेले दहाचे कोष्टक असे : ८० आणि वर ‘ओ’ म्हणजे १०, ७० ते ७९.९९ ‘ए प्लस’, ९. साठीत ‘ए’, ८. ५५ ते ५९.९९ ‘बी प्लस’, ७. ५० ते ५४.९९ ‘बी’, ६. पुढे ‘सी’ ५, ‘डी’ ४ आणि चाळिसाखाली शून्य. समजा, सत्रात सहा विषय आहेत, श्रेयांक ४, ४, ४, ३, ३, २, एकूण २०. पहिल्या मुलीला गुण पडले ६०, ६०, ६०, ५५, ५५, ५०. दुसरीला ५९, ६९, ६९, ५९, ५४, ५४. प्रत्येक विषयाचा श्रेणीचा आकडा श्रेयांकाने गुणायचा, सहाही गुणाकार मिळवायचे आणि २०ने भागायचे. सत्राचा पॉइंटर तो हाच. पहिलीची बेरीज १५०, पॉइंटर ७.५०. दुसरीची १४३, पॉइंटर ७.१५.

आता नुसते गुण मिळवा. पहिलीला ६००पैकी ३४०, म्हणजे ५६.६७ टक्के. दुसरीला ३६४, म्हणजे ६०.६७. श्रेयांकांचे वजन धरून गुणांची सरासरी काढली तरी पहिलीची ५७.५० आणि दुसरीची ६१.७५ येते. जुन्या हिशेबात दुसरी फर्स्ट क्लास आणि पहिली सेकंड क्लास झाली असती. नव्या हिशेबात पहिली पुढे आहे. कोणी लबाडी केलेली नाही, कोणाचा पेपर चुकीचा तपासलेला नाही. पहिलीचे गुण प्रत्येक पट्टीच्या खालच्या काठावर पडले, दुसरीचे वरच्या काठाला टेकले आणि तिथेच राहिले, एवढेच. हे उदाहरण मी मुद्दाम टोकाचे घेतले आहे. पण काठावर पडणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जांची रांग काठावरच्याच मुलांची असते.

श्रेणी पद्धतीची बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती पोकळ नाही. मराठीच्या निबंधाला एक परीक्षक ५८ देतो, दुसरा ६३ देतो. मग ५८ आणि ५९ यांत फरक करण्याला अर्थ काय? गुणांची अचूकता हा भास आहे, म्हणून पट्ट्या करा, असे हे म्हणणे. २०१७ साली संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या प्रयोगात विद्यापीठाचे निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना पदावरून जावे लागले, तेव्हा गुण नावाच्या वस्तूवर किती भरवसा ठेवावा हे सगळ्या शहराने पाहिले. मला हे म्हणणे पटते. पटत नाही ते त्यानंतरचे पाऊल. एका गुणाचा फरक निरर्थक म्हणून पुसायचा, आणि मग त्या पुसट आकड्यांची सरासरी दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत छापायची! ७.१५ आणि ७.१८ यांत डावे-उजवे करणारा वाचक त्याच भासाकडे परत आला. शिवाय ५९ आणि ६० यांतला एक गुण आता पूर्ण एका श्रेणीचा झाला.

अक्षरांचा घोळ वेगळाच. २०११-१२मध्ये श्रेणी पद्धत आली तेव्हा कोष्टक सातचे होते : सत्तर आणि वर ‘ओ’ ७, साठीतला ‘ए’ ६, ५५ ते ५९.९९चा ‘बी’ ५. पुढच्या दहाच्या कोष्टकात ‘बी’ पन्नास ते पंचावन्नमध्ये उतरला आणि त्याचे मोल ६ झाले. इंजिनीअरिंगच्या दहाच्या कोष्टकात मात्र ‘बी’ म्हणजे ७० ते ७४.९९, मोल ८. एकाच विद्यापीठाच्या शिक्क्याखाली एका अक्षराचे तीन अर्थ. दादरच्या एखाद्या कचेरीत तीन वेगळ्या वर्षांचे, वेगळ्या शाखांचे अर्ज एका टेबलावर आले की ते वाचणाऱ्या कारकुनाने काय समजावे?

त्याने समजू नये, त्याला टक्के द्यावेत, अशी तोड निघाली आहे; आणि इथे भाषांतराचा प्रश्न येतो. पॉइंटरचे टक्क्यांत भाषांतर करणारी सूत्रे बाजारात अनेक आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे सूत्र ०.७५ वजा करून दहाने गुणते. मुंबईच्या इंजिनीअरिंगचे प्रचलित सूत्र ७.२५ने गुणून ११ मिळवते. सीबीएसईने दहावीसाठी ९.५ने गुणायला सांगितले होते, आणि ते इतके सोपे होते की जिथे त्याचा काही संबंध नाही तिथेही मुले ते वापरतात. आपल्या ७.५०वाल्या मुलीचे या सूत्रांनी अनुक्रमे ६७.५०, ६५.३८ आणि ७१.२५ टक्के होतात. तिचे खरे टक्के ५६.६७ होते. उलट, इंजिनीअरिंगच्या सूत्राने सर्व विषयांत ९८ मिळवणारा मुलगा ८३.५० टक्क्यांवर येऊन थांबतो, आणि सर्व विषयांत ८० मिळवणाराही तिथेच पोचतो. त्या सूत्राला मी दोष देत नाही. ते त्या शाखेच्या कोष्टकावर बेतलेले आहे आणि तिथे बरेचसे जुळते. बीएच्या पत्रिकेला ते लावणे म्हणजे तमिळचा कोश घेऊन कानडी वाचणे. गंमत अशी की बहुतेक पत्रिकांवर मूळ गुणही छापलेले असतात. मूळ संहिता त्याच पानावर असताना वाचक भाषांतराचे भाषांतर मागत बसतो.

शेवटचा मुद्दा संचयाचा, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. सहा सत्रांचा एकत्रित पॉइंटर काढताना सहा पॉइंटर मिळवून सहाने भागणे दर वेळी बरोबर नसते. सत्रांचे श्रेयांक वेगळे असतील तर २२ श्रेयांकांचे ७ आणि १८ श्रेयांकांचे ८ मिळून ७.५० न होता ७.४५ होतात. हा तपशील झाला. मूळ गोष्ट अशी की सरासरीला काळ कळत नाही. एक मुलगा ५, ५.५, ६.५, ७.५, ८.५, ९ असा चढत जातो. दुसरा तेच आकडे उलट्या क्रमाने उतरत जातो. तिसरा सहाही वेळा ७वर बसून असतो. तिघांचा पॉइंटर ७.००.

चढत जाणारा मुलगा कोण, हे या भागात शिकवणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. महापालिकेच्या किंवा एखाद्या जुन्या संस्थेच्या मराठी शाळेतून तो आलेला असतो, आणि पहिले वर्ष त्याचे इंग्रजी व्याख्यान कानावर बसवण्यात जाते. बीएचा वर्ग तृतीय वर्षाच्या गुणांवर ठरत असे, त्या काळात एफवायमधली त्याची ठेच कागदावर उरत नसे. त्या पद्धतीत शेवटच्या परीक्षेचे भलते ओझे होते, आजारी पडलेल्याचे नशीबच फुटे. ती परत आणा असे मी म्हणत नाही. पण पहिल्या दोन सत्रांना थोडे कमी वजन देणे हे गणिताला अवघड नाही. श्रेयांक म्हणजे वजनच ना? विषयांना वजन देता येते तसे वर्षांनाही देता येईल.

मागच्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी नोकरीचा अर्ज घेऊन घरी आली. अर्जात ‘पदवीची टक्केवारी’ असा रकाना होता, पॉइंटरला जागा नव्हती. तीन सूत्रांनी तीन उत्तरे तिने आधीच काढून ठेवली होती आणि त्यांतले सर्वांत मोठे लिहायला तिचा हात धजत नव्हता. आम्ही सहाही पत्रिका टेबलावर पसरल्या, एकेका पेपरचे गुण वाचत गेलो आणि कागदावर बेरीज मांडली. तासभर लागला. आलेले टक्के तिच्या तिन्ही उत्तरांपेक्षा कमी होते. तिने तेच लिहिले आणि अर्जाला सहाही पत्रिकांच्या प्रती जोडल्या.