केंद्रकावरणातील प्रथिने आणि गुणसूत्रांची मांडणी : एका निष्कर्षाची चिकित्सा

पेशीकेंद्रकातील गुणसूत्रे अस्ताव्यस्त पडलेली नसतात. प्रत्येकाचा आपला असा प्रदेश असतो. मानवी पेशींत जनुकविरळ असे १८ वे गुणसूत्र बहुधा आवरणालगत, तर जनुकसंपन्न १९ वे मध्याकडे आढळते. ही व्यवस्था कोण राखते, या प्रश्नाचे उत्तर देताना अलीकडे केंद्रकावरणातील प्रथिनांकडे बोट दाखविले जाते. आवरणाच्या आतील बाजूस लॅमिन तंतूंचे जाळे असते आणि आतील पटलात एमरिन, एलबीआर इत्यादी प्रथिने रुतलेली असतात. एमरी-ड्रायफस स्नायुविकाराचे मूळ १९९४ साली एमरिनच्या व १९९९ साली लॅमिन ए/सीच्या जनुकात सापडले. तेव्हापासून या प्रथिनांकडे केवळ भिंतीच्या विटा म्हणून पाहणे अशक्य झाले.

या विचारधारेतील एक महत्त्वाचा निबंध पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतून प्रसिद्ध झाला. रूपाली प्रधान, देविका रानडे व कुंदन सेनगुप्ता यांनी तो २०१८ साली ‘न्यूक्लिइक ॲसिड्स रिसर्च’ या नियतकालिकात लिहिला. पेशींखालील आधार मऊ केला असता १, १८ व १९ या गुणसूत्रांचे प्रदेश केंद्रकाच्या अंतर्भागाकडे सरकतात, असे त्यांना दिसून आले. त्याच वेळी एमरिनच्या ९९ व्या स्थानावरील टायरोसीनला फॉस्फेट गट जोडला जातो. तो जोडला जाऊ नये अशी एमरिनची उत्परिवर्तित प्रत पेशींत घातली, तेव्हा १८ व १९ ही गुणसूत्रे स्वस्थानी राहिली. १ ले मात्र राहिले नाही. यावरून एमरिन हे बाह्य ताण ओळखून गुणसूत्रांची मांडणी बदलणारे प्रमुख प्रथिन होय, असा निष्कर्ष लेखकांनी काढला आहे.

प्रयोगाचे मोल निर्विवाद आहे. एका प्रथिनातील एकच स्थान बदलून संपूर्ण गुणसूत्राची जागा टिकविता येते, हे लहानसहान यश नव्हे. तथापि ‘प्रमुख’ या विशेषणाचा भार पुराव्याला पेलतो काय, हे तपासले पाहिजे. १ ले गुणसूत्र एमरिनला जुमानत नाही. उलट लॅमिन बी२चे प्रमाण वाढविले असता १८ वे कडेलाच राहते. म्हणजे एकाच गुणसूत्राला धरून ठेवणारे हात एकाहून अधिक आहेत आणि सर्व गुणसूत्रांना पुरेल असा एकही नाही. शिवाय १ व १९ यांचे स्थानांतर जनुकक्रियेतील फेरबदलाशी जुळते, असे सांगितले आहे. पण १८ व्याच्या जनुकक्रियेत त्या मानाने थोडाच फरक पडला असूनही ते सरकले. तेव्हा स्थान बदलले म्हणून कार्य बदलले, हा कार्यकारणभाव येथे सिद्ध होत नाही. निबंधाचे खरे बळ या अपवादांतच आहे. निष्कर्षवाक्यात मात्र ते झाकले गेले आहे.

याहून मूलगामी प्रश्न असा की, आवरणातील प्रथिने व्यवस्था निर्माण करतात की तिला केवळ दिशा देतात? निशाचर सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातील दंडपेशी यावर प्रकाश टाकतात. त्यांच्या केंद्रकात घट्ट क्रोमॅटिन कडेला नसून मध्यभागी गोळा झालेले असते, हे इरिना सोलोव्हेई व सहकाऱ्यांनी २००९ साली दाखविले. या पेशींत एलबीआर व लॅमिन ए/सी ही दोन्ही नसतात, आणि उंदराच्या दंडपेशींत कृत्रिम रीत्या एलबीआर निर्माण केल्यास ही उलटापालट टळते, हे २०१३ साली कळले. २०१९ साली पुढे आलेल्या प्रतिमानानुसार घट्ट क्रोमॅटिन परस्परांच्या आकर्षणानेच वेगळे होते. आवरणाचे बंध त्याला कडेला ओढतात, इतकेच. बंध सुटले तरी व्यवस्था मोडत नाही, ती पालटते.

या दृष्टीने पाहता एमरिन गुणसूत्रांची मांडणी ‘ठरविते’ असे न म्हणता काही गुणसूत्रांच्या मांडणीत ‘फेरफार घडविते’ असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. हा शब्दच्छल नव्हे. ‘ठरविते’ म्हटले की शोध एका प्रथिनापाशी थांबतो. ‘फेरफार घडविते’ म्हटले की १ ल्या गुणसूत्राला कोण धरून ठेवते, हा प्रश्न उभा राहतो. बल्लारपूर-चंद्रपूरच्या अरण्यप्रदेशातील विद्यार्थ्यांना निशाचर प्राणी नवे नाहीत, आणि घरातला उंदीरही त्यांपैकीच एक. त्याच्या दंडपेशींचे केंद्रक जन्मतः नेहमीच्या रचनेचे असते व पुढील काही आठवड्यांत उलटते. डीएनएला चिकटणारा प्रकाशमान रंग व प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक यांच्या साह्याने हा पालट पाहता येतो. ज्याने तो एकदा पाहिला, तो केंद्रकाच्या व्यवस्थेचे सारे श्रेय भिंतीला सहसा देणार नाही.