लेबलवरचं जावा मॉस

गेल्या हिवाळ्यात मॉन्ट्रियलमधल्या एका दुकानातून मी मॉसच्या दोन डब्या आणल्या. एकीवर ‘जावा’, दुसरीवर ‘ख्रिसमस’. चार महिन्यांत टँकमध्ये दोन्ही सारखंच दिसायला लागलं. शेवटी पानं लॅबमधल्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. दोन्हींच्या पेशी लांबट, अरुंद. ख्रिसमस मॉस ‘व्हेसिक्युलेरिया’ या जीनसमधलं. त्याच्या पेशी आखूड आणि रुंद हव्यात. म्हणजे दुसऱ्या डबीत ख्रिसमस मॉस नव्हतं. मग कोणतं होतं? तिथे मीही अडकले.

दोष फक्त दुकानाचा नाही. मॉसची नेमकी स्पीशीज ठरवायला बऱ्याचदा बीजाणूंची बोंडं लागतात, आणि पाण्याखाली ती सहसा येतच नाहीत. उजेड आणि प्रवाह बदलला की फांद्यांची ठेवणही बदलते. त्यामुळेच जगभर कित्येक वर्षं ‘व्हेसिक्युलेरिया डुबियाना’ म्हणून विकलं गेलेलं जावा मॉस बहुतांशी ‘टॅक्सिफायलम बार्बिएरी’ निघालं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातले बेनिटो टान यांनी टँकमधल्या मॉसचे नमुने तपासून हा घोळ बराच निस्तरला. डुबियाना आता ‘सिंगापूर मॉस’ म्हणून मिळतं. जुनं नाव मात्र अजून कुठे कुठे चिकटून आहे.

‘हिरवं दिसतंय ना, मग नावाचं काय घेऊन बसलीस?’ असं मित्र म्हणतात. त्यांना मी मार्च 2021 ची आठवण करून देते. अमेरिकेत आणि कॅनडात विकल्या जाणाऱ्या ‘मॉस बॉल’मध्ये झेब्रा मसल हे चिमुकले, उपद्रवी शिंपले सापडले आणि माल दुकानांतून काढावा लागला. गंमत म्हणजे मॉस बॉल हे मॉस नाहीच. ते तळ्यात वाढणारं शैवल. अर्थात आपणही दोघांना सरसकट ‘शेवाळ’च म्हणतो, तेव्हा हसायला जागा नाही. नुसतं नाव बरोबर लिहून शिंपले थांबले नसते, हे मान्य. पण ‘तळ्यातून काढलेलं शैवल’ असं लिहिलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं: कुठल्या तळ्यातून?

म्हणून लेबलवर लॅटिन नावाचा रुबाब नको. जीनसच माहीत असेल तर तेवढाच लिहा. माल टँकमध्ये वाढवलाय की बाहेरून आणलाय, तेही लिहा. सेंट लॉरेन्समध्ये झेब्रा मसल कधीच पोचलेत, पण क्युबेकची बरीच तळी अजून वाचलेली आहेत. तोवर टँक साफ करताना निघालेलं मॉस, नाव काहीही असो, नाल्यात किंवा नदीत नको. पिशवीत बांधा आणि कचऱ्यात टाका.