पाहुण्याची मर्यादा : ‘दिदाखे’तील आतिथ्यधर्म

१८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडलेल्या व १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दिदाखे’चे अकरावा व बारावा हे अध्याय वरवर पाहता कृपण वाटतात. प्रेषिताने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढील मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागू नयेत.

परंतु येथील क्रम ध्यानी घ्यावा. प्रभूच्या नावाने येणाऱ्याचा स्वीकार प्रथम, पारख नंतर. योहानाच्या तिसऱ्या पत्रातील दियत्रफेस हाच क्रम मोडतो. तो बंधूंना दारातूनच परतवतो. उणीव आहे ती अन्यत्र : ख्रिस्ताचे नाव न घेणाऱ्या परक्याविषयी हे अध्याय मौन धरतात. तेथे चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याकडेच वळावे लागते.

बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाताना जांबोटी लागते. अशा गावी आम्ही धर्मसेवक जातो, तेव्हा आतिथ्याचा उपदेश करणारे आम्हीच आणि पानावर बसणारेही आम्हीच. यजमानाच्या औदार्याला नव्हे, तर आमच्याच अपेक्षांना या ग्रंथाने मर्यादा घातली आहे. गरिबाच्या घरी तिसरा दिवस उजाडण्यापूर्वी आम्हांस तिचे स्मरण व्हावे.